थकलेल्या पैशांचा दावा: मुदत, कागद, समन्स आणि दरखास्त

हातउसने दिलेले पैसे परत येत नाहीत. माल पोचवून वर्ष झाले तरी बिल थकलेले आहे. घराचे रंगकाम पुरे झाले आणि शेवटचा हप्ता मिळालाच नाही. अशा वेळी माणूस कोर्टाची पायरी चढायचे ठरवतो तेव्हा पहिल्यांदा विचारतो, 'वकील किती घेईल?' पण आधी विचारायला हवे ते तारखेचे. पैसे नक्की कोणत्या दिवशी दिले, आणि त्या दिवसाला तीन वर्षे कधी पुरी होतात?

मुदत कायदा, १९६३ प्रमाणे उसन्या रकमेचा दावा पैसे दिल्या दिवसापासून तीन वर्षांत लावावा लागतो. 'मागशील तेव्हा देतो' असे ठरले असले तरी मोजणी पैसे दिल्या दिवसापासूनच होते, मागितल्या दिवसापासून नाही. परतफेडीची तारीख लेखी ठरलेली असेल तर त्या तारखेपासून. मालाच्या किमतीची मुदत माल पोचला त्या दिवसापासून सुरू होते, आणि उधारीचे दिवस ठरलेले असतील तर ते संपल्यापासून. केलेल्या कामाची मजुरी असेल तर काम झाल्यापासून. नोटीस पाठवली म्हणून ही तीन वर्षे एका दिवसानेही वाढत नाहीत. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की एकामागून एक तीन-चार नोटिसा पाठवण्यातच कित्येकांची मुदत निघून जाते.

आणि मुदत गेली की गेली. अपिलाला उशीर झाला तर कारण सांगून माफी मागता येते, मूळ दाव्याला तशी सोय नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम ३ प्रमाणे न्यायालयाला तो दावा स्वतःहून फेटाळावा लागतो. सवलत एवढीच की शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो.

मुदत नव्याने सुरू करायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही जुनी मुदत जिवंत असतानाच वापरावे लागतात. पहिला, देणेकऱ्याने सही करून देणे लेखी कबूल करणे. दुसरा, काही रक्कम परत करणे, मात्र त्या भरण्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी हवी. समजा १२ जून २०२२ रोजी १,८०,००० रुपये दिले. मुदत १२ जून २०२५ ला संपणार होती. ३ मार्च २०२४ रोजी त्याने २०,००० परत केले आणि 'बाकी १,६०,००० देणे आहे' असे लिहून सही दिली. आता मुदत ३ मार्च २०२७ पर्यंत गेली. हेच २०,००० नुसते यूपीआयने आले असते तर 'ती रक्कम वेगळ्या व्यवहाराची होती' असे म्हणायला त्याला जागा राहिली असती. म्हणून पैसे खात्यात पडले की त्याच दिवशी दोन ओळींचा कागद सही करून घ्यावा. पैसे हातात आल्यावर मन सैल पडते आणि नेमका तेव्हाच हा कागद राहून जातो.

मुदत संपल्यावर मिळालेली नुसती कबुली कामाची नाही. तेव्हा देणेकऱ्याने 'ही रक्कम मी देईन' असे स्पष्ट वचन सहीनिशी दिले, तरच करार कायद्याच्या कलम २५ चा आधार मिळतो. 'बघू, दिवाळीनंतर करू काहीतरी' हा निरोप कबुलीही नाही आणि वचनही नाही.

आता कागदांकडे. वचनचिठ्ठी, म्हणजे ठरावीक रक्कम देण्याचे सहीनिशी लेखी वचन, असेल तर सर्वात आधी तिच्यावरचे तिकीट (मुद्रांक) बघा. बहुतेक दस्तांवर मुद्रांक कमी पडला तर तूट आणि दंड भरून तो दस्त पुराव्यात वाचता येतो. वचनचिठ्ठीला मुद्रांक कायद्याने ही सवलत नाकारली आहे. तिकीट नाही किंवा अपुरे आहे, तर वचनचिठ्ठी म्हणून ती पुराव्यात येतच नाही, कितीही दंड भरायची तयारी असली तरी. तिकीट लावून सही त्या तिकिटावरून आडवी जायला हवी, म्हणजे ते पुन्हा वापरता येणार नाही अशा रीतीने रद्द होते.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश चालतात, पण त्यांची छापील पाने नुसती जोडून भागत नाही. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की मूळ उपकरण न्यायालयापुढे आणलेले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राचा नमुना ठरवून दिला आहे. त्याचा भाग 'अ' तुम्ही भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने, आणि दोन्हींत त्या नोंदीचे हॅश मूल्य (नोंद बदललेली नाही हे पडताळणारी अक्षर-अंकांची खूण) लिहायचे. म्हणून फोन बदलायचा असेल तर जुना फोन विकू नका. संभाषण निर्यात करून ठेवा, पण त्यातले निवडक संदेश पुसू नका, उलटतपासणीत तेच वर येतात. बँकेचा उतारा मात्र साध्या छापील प्रतीऐवजी बँकेने प्रमाणित केलेलाच घ्यावा, म्हणजे बँक अधिकाऱ्याला साक्षीला बोलावण्याची गरज सहसा पडत नाही.

रोखीचे व्यवहार सर्वात नाजूक. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. तेवढ्यावरून तुमचे पैसे बुडत नाहीत, पण एवढी रक्कम तुमच्याकडे कुठून आली, खात्यातून कधी काढली, विवरणपत्रात दाखवली का, हे प्रश्न हमखास येतात. रक्कम काढल्याची बँकेतली नोंद आणि देताना हजर असलेला साक्षीदार, दोन्हींची जुळवाजुळव आधीच करून ठेवा.

व्याज घेत असाल तर महाराष्ट्रात आणखी एक फास आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणाऱ्याला न्यायालय हुकूमनामा, म्हणजे वसुलीसाठी वापरता येणारा अंतिम आदेश, देत नाही. एका मित्राला एकदा दिलेले पैसे म्हणजे सावकारी नव्हे. पण चार-पाच जणांना व्याजाने दिल्याचे प्रतिवादीने दाखवले, तर सगळा दावा त्या एका मुद्द्यावर अडकतो.

खाजगी व्यक्तीवर पैशाचा दावा करण्यापूर्वी नोटीस द्यायलाच हवी असे नाही. सरकारविरुद्ध मात्र दोन महिन्यांची नोटीस लागते. तरीही नोटीस द्यावी, आणि त्याचे कारण व्याज. व्याजाचा दर करारात नसेल तर व्याज कायदा, १९७८ प्रमाणे लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज मागता येते, पण त्या मागणीत व्याज मागणार असल्याचे लिहिलेले असले पाहिजे. म्हणून नोटिशीत रागाच्या चार परिच्छेदांपेक्षा ही ओळ मोलाची: 'दि. १२/०६/२०२२ रोजी बँक खात्यातून दिलेल्या रु. १,८०,००० पैकी रु. १,६०,००० येणे बाकी असून, ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न दिल्यास नोटिशीच्या तारखेपासून द. सा. द. शे. १२ प्रमाणे व्याजासह वसुलीचा दावा दाखल केला जाईल.' नोंदणीकृत टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, तेव्हा नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. पावती, पोचपावती आणि 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलेला लखोटा न फोडता जपून ठेवा.

दावा हाच मार्ग आहे का, तेही इथेच तपासा. चेक न वटल्याचा प्रश्न असेल तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ची फिर्याद करता येते, पण तिचे घड्याळ फार कडक आहे: बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद. ही फिर्याद आणि पैशाचा दावा, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. सेवेतली त्रुटी असेल तर ग्राहक आयोग. तिथली मुदत दोन वर्षांची, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल थकले असेल तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याखालची सुविधा परिषद आहे, आणि तिथे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मिळते. आणि व्यापारी स्वरूपाचा वाद ३ लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल तर थेट दावा लावू नका. तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज द्यावा लागतो. पाटील ऑटोमेशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही पायरी सक्तीची ठरवली. ती गाळलेले वादपत्र (दाव्याचा लेखी अर्ज) नामंजूर होते.

लोकअदालतीकडे बरेच जण 'तडजोड म्हणजे कमीपणा' म्हणून बघतात, ते मला पटत नाही. दावा लावण्यापूर्वीही तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत नेता येते. तिथला निवाडा हा दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामाच मानला जातो आणि त्यावर अपील नसते. देणे कबूल आहे पण एकरकमी जमत नाही, अशा माणसासाठी याहून चांगली जागा नाही. फक्त हप्ते लिहून घेताना 'कोणताही एक हप्ता चुकल्यास उरलेली सर्व रक्कम व्याजासह एकदम देय होईल' हे वाक्य निवाड्यात आलेच पाहिजे. ते नसेल तर चुकलेल्या प्रत्येक हप्त्यासाठी वेगळी धावपळ करावी लागते.

दावा कुठे लावायचा? प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा-नोकरी करतो तिथे, किंवा व्यवहाराचे कारण पूर्णतः वा अंशतः जिथे घडले तिथे. त्या ठिकाणच्या, त्या रकमेचा अधिकार असलेल्या सर्वात खालच्या न्यायालयात. 'लघुवाद न्यायालय' या नावाने मुंबईत फसगत होते. तिथले मुख्य काम घरमालक-भाडेकरूंच्या वादांचे आहे, पैशाचे दावे फक्त १०,००० रुपयांपर्यंतचे चालतात. कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात लागते, तेव्हा मुद्दल आणि दाव्याच्या तारखेपर्यंतचे व्याज यांची बेरीज आधी करा आणि मगच फी काढा. तुम्ही स्वतः दावा चालवू शकता, वकील सक्तीचा नाही. स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

वादपत्र लिहिताना बहुतेकांचा हात दुखऱ्या जागेकडे जातो: मैत्री, विश्वासघात, अपमान. न्यायाधीशांना हवे असते ते वेगळे. पैसे कधी, किती, कसे दिले. परत कधी, किती आले. बाकी किती. दाव्याचे कारण कोणत्या तारखेला घडले आणि दावा मुदतीत कसा आहे. अधिकारक्षेत्र कसे येते. मागणी काय. प्रत्येक परिच्छेदात एकच घटना, आणि तिच्यासमोर कागदयादीतला अनुक्रमांक. शेवटी सत्यापन (मजकूर खरा असल्याचे सहीनिशी सांगणे) आणि सोबत शपथपत्र. सगळी मागणी एकाच दाव्यात यायला हवी. कोर्ट फी वाचवायला किंवा खालच्या न्यायालयात बसवायला एकाच व्यवहाराची अर्धी रक्कम आज मागितली, तर उरलेली अर्धी पुन्हा कधीच मागता येत नाही.

हातात वचनचिठ्ठी, चेक किंवा ठरावीक रकमेचा लेखी करार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी दावा करा. यात प्रतिवादीला आपोआप बचावाचा हक्क नसतो. समन्स बजावल्यावर त्याने १० दिवसांत हजर व्हायचे, मग तुम्ही शपथपत्रासह 'निकालासाठी समन्स' बजवायचे, आणि ते मिळाल्यापासून १० दिवसांत त्याने बचावाची परवानगी मागायची. त्याच्याकडे सांगण्यासारखे खरेच काही असेल तर परवानगी मिळते, संशयास्पद असेल तर रक्कम भरण्याच्या अटीवर मिळते, आणि काहीच नसेल तर तिथेच तुमच्या बाजूने निकाल होतो. देणे अंशतः मान्य असेल तर तेवढी रक्कम न्यायालयात भरल्याशिवाय परवानगी नाही. समरी दावे घसरतात ते क्षुल्लक कारणांनी. दावा क्रमांकाखाली 'दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ३७ खाली' ही ओळ नसते. किंवा मागणीत 'मानसिक त्रासाबद्दल ५०,०००' घातलेले असतात. ती भर पडली की दावा समरी राहत नाही. तोंडी हातउसन्याला हा मार्ग बंद आहे, तिथे साधा दावाच लावावा लागतो.

यानंतरचा खरा अडथळा समन्सचा. समन्स बजावणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याचा, म्हणजे बेलिफचा, अहवाल येतो, 'सदर इसम घरी मिळून आला नाही', आणि महिने सरकत राहतात. पत्त्यात मजला, इमारतीची खूण, कामाचे ठिकाण आणि मोबाइल क्रमांक द्या, माणूस घरी कधी असतो हे बेलिफला कळवा, भत्ता वेळेवर भरा. समन्स न बजावता परत आले की सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज करायचा असतो, नाहीतर दावाच काढून टाकला जाऊ शकतो. तो खरोखर टाळत असेल तर दारावर समन्स डकवण्याचा किंवा वर्तमानपत्रात जाहीर समन्सचा हुकूम मागा. प्रतिवादी आला नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा मिळाला की आनंद होतो, पण बजावणी कच्ची असेल तर 'मला हुकूमनाम्याची माहिती कालच मिळाली' म्हणून तो येतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बजावणी पक्की होण्यासाठी घालवलेला महिना वाया जात नाही. तारखा तुमच्या प्रकरणाला मिळालेल्या सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट्स अ‍ॅपवर बघत राहा. तुम्हीच तारखेला गैरहजर राहिलात आणि दावा काढून टाकला गेला, तर तो पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो.

निकाल तुमच्या बाजूने लागला, हुकूमनाम्यावर सही झाली. इथे नव्वद टक्के काम झाले असे वाटते आणि तिथेच लोक थकून थांबतात. न्यायालय स्वतःहून एक रुपयाही वसूल करत नाही. त्यासाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची असते. त्याला १२ वर्षांची मुदत आहे, पण दोन वर्षे उलटली की आधी ऋणकोला (ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला त्या देणेकऱ्याला) नोटीस काढावी लागते. तोवर त्याने फ्लॅट विकलेला असतो, खाती बंद केलेली असतात. हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल निकालाच्याच दिवशी मागा. हुकूमनाम्यानंतरचे व्याज साधारणपणे वर्षाला ६ टक्क्यांपर्यंतच मिळते, व्यापारी व्यवहारात जास्त देता येते. १,६०,००० वर ६ टक्क्यांनी महिन्याला ८०० रुपये होतात. ऋणकोला थांबण्यातच फायदा दिसतो, म्हणून घाई तुम्हालाच करावी लागते.

त्याची मालमत्ता कुठे आहे हे शोधायला दावा सुरू असतानाच लागा. त्याने दिलेल्या चेकवर बँक आणि शाखा छापलेली असते. सातबारा आणि मिळकत पत्रिका ऑनलाइन दिसतात. तो मालमत्ता विकून मोकळा व्हायच्या बेतात असल्याचा ठोस पुरावा असेल तर निकालापूर्वीच जप्ती मागता येते. काहीच माहिती नसेल तर आदेश २१, नियम ४१ खाली त्याला मालमत्तेचे शपथपत्र द्यायला लावा. हुकूमनामा ३० दिवस थकला की न्यायालय तसा हुकूम देऊ शकते आणि तो मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवास आहे. हा अर्ज फार कमी लोक करतात याचे वाईट वाटते, कारण त्याने बरीच गाठ सुटते.

बँक खाते जप्त करणे सर्वात स्वच्छ. पगाराचा हिशेब असा: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याच्या दोन तृतीयांशाला हात लावता येत नाही. पगार ४०,००० असेल तर ३९,००० चा तिसरा हिस्सा, म्हणजे महिन्याला १३,००० जप्त होतात, आणि एका हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त २४ महिने. भविष्य निर्वाह निधी, सरकारी निवृत्तिवेतन, कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी, मंगळसूत्र यांची जप्ती होत नाही. अटकेची मागणी करता येते, पण ऐपत असून तो देत नाही हे दाखवावे लागते, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक होत नाही. तुरुंगातल्या त्याच्या जेवणाचा भत्ताही तुम्हालाच भरावा लागतो. मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर हुकूमनामा तिथल्या न्यायालयाकडे पाठवून घ्यावा लागतो. २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितले आहे. तारीख लांबू लागली की अर्जात त्या निकालाचा उल्लेख जरूर करा.

जप्तीची नोटीस लागली की ऋणको बहुधा पैसे घेऊन घरी येतो. घ्या, पण पावती द्या, आणि पुढच्या तारखेला 'इतकी रक्कम न्यायालयाबाहेर मिळाली' अशी पुरसीस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) दरखास्तीत दाखल करून रोजनाम्यावर (न्यायालयाच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंद झाल्याचे बघा. बाहेर दिलेली आणि न नोंदवलेली रक्कम दरखास्त चालवणारे न्यायालय धरत नाही, त्यामुळे ही पुरसीस यावी यासाठी तोही आग्रह धरेल. शेवटचा रुपया खात्यात जमा झाला की 'हुकूमनाम्याची पूर्ण फेड झाली' अशी पुरसीस द्या. जमीन किंवा फ्लॅट जप्त झाला असेल तर ती जप्ती उठल्याचे पत्र तलाठी, नगर भूमापन कार्यालय किंवा सोसायटीकडे गेले का, तेही त्याच दिवशी न्यायालयाच्या नाझराकडे (जप्तीचे काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे) विचारून घ्या.